अनुभव धागा: परवडणारे लाँग झूम कॅमेरे, आणि आपल्याकडचं ऊन, धूळ, धरण

डीएसएलआरला ६०० मिमीची लेन्स लावायची तर बॉडीपेक्षा लेन्सच महाग पडते. म्हणून हतनूर धरणाच्या काठावर आणि लळिंगच्या कुरणात ब्रिज कॅमेरेवाले (लांब झूमची, न निघणारी लेन्स असलेले कॅमेरे) बरेच दिसतात. त्यातली बहुतेक मॉडेलं आता सेकंड हँडच मिळतात. तुमच्याकडे जे मॉडेल आहे त्याचा झूम खरोखर किती वापरता येतो, कुठे फसतं आणि घेताना काय तपासायचं, ते इथे लिहा. "मस्त कॅमेरा आहे, घेऊन टाका" एवढ्यावर थांबू नका. आकडे द्या.

भुसावळ, निकॉन पी९००

आधी 'एक्स'चा हिशोब. पी९००चा ८३एक्स म्हणजे सगळ्यात कमी झूमच्या २४ मिमीच्या ८३ पट, साधारण २००० मिमी. निकॉनच्याच बी५००चा ४०एक्स २२.५ पासून मोजलेला आहे, म्हणून तो ९०० ला थांबतो. डब्यावरचा एक्स सोडा, शेवटचा मिमी बघा.

२००० मिमीला ५० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण ९० सेंटिमीटर असते, २०० मीटरवर साडेतीन मीटर. हतनूरला हळदीकुंकू बदक २०० मीटरवर असेल तर ६० सेंटिमीटरचा पक्षी रुंदीचा सहावा हिस्सा व्यापतो. १६ मेगापिक्सेलच्या फोटोत (रुंदी ४६०८ पिक्सेल) ते पावणेआठशे पिक्सेल झाले. ओळख पटवायला भरपूर, भिंतीवर लावायला कमी.

पूर्ण झूमवर ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं मोठं) एफ ६.५ च्या पुढे उघडत नाही आणि एफ ८ च्या पुढे बंद होत नाही. बंद करूही नका. सेन्सर नखाएवढा असल्याने डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो) चित्र उलट मऊ पडतं. म्हणजे ॲपर्चरशी खेळायला जागाच नाही, म्हणून डायल एस मोडवर ठेवा, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/६०० सेकंदाच्या आसपास मिळतं. झाडाच्या सावलीत तीन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेच १/८० होतं. आयएसओ ऑटो १०० ते ४०० मध्ये बांधून टाका, सावलीतही १/३२० हाती लागतं.

व्हीआर (हाताचा कंप सावरणारी सोय) पाच स्टॉपचं आहे. २००० मिमीला १/२००० लागायचं ते हिशोबाने १/६० वर येतं. पण व्हीआर तुमचा हात थांबवतं, पक्ष्याची मान नाही. बसलेल्या खंड्याला १/२५० पुरे, शेपटी हलवत फिरणाऱ्या धोब्याला १/५०० लागतं आणि उडत्या नदी सुरयाला १/१००० च्या खाली काही अर्थ नाही.

बर्स्टमध्ये (सलग फोटो) सेकंदाला सात फोटो निघतात, पण सातच. नंतर कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा गप्प, आणि पक्षी नेमका तेव्हाच उडतो. म्हणून पंख हलायला लागल्यावरच बटण दाबा. पक्षी फ्रेममधून निसटला तर लेन्सच्या बाजूचं बटण दाबून धरा. झूम मागे येतो, पक्षी सापडला की सोडा, झूम परत जागेवर.

रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) नाही, फक्त जेपेग. त्यामुळे बगळ्याची पांढरी पिसं एकदा जळाली की परत येत नाहीत. पांढऱ्या पक्ष्याला आधीच एक्स्पोजर -०.७ करा. पूर्ण झूमवर पाच मीटरच्या आत फोकस होत नाही, फुलपाखरांसाठी झूम कमी करूनच जवळ जावं लागतं.

जळगाव, कॅनन एसएक्स५०

२०१२ चा कॅमेरा, १२ मेगापिक्सेल, २४ ते १२०० मिमी, रॉ आहे. भुसावळवाल्या भाऊंचा हिशोब बरोबर, पण त्यात हवा धरलेली नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर काळ्या रानावरून दीडशे मीटरवरचा फोटो घ्या, कुठल्याही कॅमेऱ्यात पिसं लोण्यासारखी वितळलेली दिसतील. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते, तिच्या थरांतून प्रकाश वाकतो. लोक याला फोकसचा दोष समजून कॅमेरा दुकानात घेऊन जातात. ओळखायचं कसं? ओळीने दहा फोटो काढा. दहाही वेगवेगळ्या जागी मऊ असतील तर हवा, दहाही सारखेच मऊ असतील तर फोकस किंवा लेन्स.

म्हणून आपल्याकडे १२०० आणि २००० चा फरक फक्त थंडीत, सकाळच्या पहिल्या दोन तासांत दिसतो. उन्हाळ्यात दोन्ही सारखेच. मेहरूण तलावावर वारकरी आणि शेकाट्या हे पाणपक्षी जवळ येतात, तिथे १२०० सुद्धा पूर्ण लागत नाही.

रॉचा फायदा मोजून सांगतो: आयएसओ ४०० च्या जेपेगमध्ये पिसांचं पोत कॅमेरा स्वतःच पुसून टाकतो, रॉमध्ये ते राहतं. दाणे दिसतात, पण ते घरी बसून हलके करता येतात. तोटा म्हणजे व्ह्यूफाइंडर अगदी गरीब, २ लाख डॉट्सचा. फोकस बसला की नाही ते त्यात कळत नाही. फोटो काढल्यावर मोठा करून बघायची सवय लावा.

धुळे, निकॉन बी५००

चार डबल-ए सेलवर चालतो, हेच त्याचं मोठेपण आणि हीच डोकेदुखी. किराणा दुकानातले घड्याळाचे सेल घातले तर लेन्स बाहेर येईपर्यंतच संपतात. झूमच्या मोटरला एकदम जास्त करंट लागतो, तो ते देऊ शकत नाहीत. २००० एमएएचचे निकेल मेटल हायड्राइड चार्जिंग सेल घ्या, चारही एकाच वेळी घेतलेले, आणि त्यावर मार्करने खूण करा. एक जुना सेल तीन नव्यांना घेऊन बुडतो. मग मेनूत बॅटरीचा प्रकार बदला. तो अल्कलाइनवर राहिला तर सेल भरलेले असूनही कॅमेरा 'बॅटरी संपली' म्हणतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

व्ह्यूफाइंडर नाही. दुपारी नकाणे तलावावर स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा दिसतो. काळा रुमाल डोक्यावरून घ्या, लोक हसतील, हसू द्या. शटर-ॲपर्चर हाताने बदलता येत नाही, फक्त एक्स्पोजर कमी-जास्त होतं. घरच्या मुलांना शिकायला ठीक. पक्ष्यांसाठी मी सुचवणार नाही.

चाळीसगाव

एकच. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. पी९०० वर ४००० मिमी दिसतं ते नुसतं कापून मोठं केलेलं चित्र आहे, ते घरी कॉम्प्युटरवरही कापता येतं.

शहादा, पॅनासॉनिक एफझेड८०

२० ते १२०० मिमी, टोकाला एफ ५.९, रॉ आहे. याची खरी ताकद फोर-के फोटोत. प्री-बर्स्ट लावला की बटण दाबायच्या आधीच्या एका सेकंदाचे आणि नंतरच्या एका सेकंदाचे मिळून साठ फोटो मिळतात, प्रत्येकी ८ मेगापिक्सेल. वेडा राघू फांदीवरून उडतो त्या क्षणाला माणसाचं बोट उशिराच पोचतं, हा पोचतो. दोन अटी: कार्ड यू३ वेगाचं पाहिजे, आणि हा मोड सतत चालू ठेवला तर बॅटरी भराभर उतरते आणि बॉडी तापते. जोडीला दुसरी बॅटरी ठेवाच. स्वस्तात मिळालेलं कार्ड आधी काठोकाठ भरून, सगळ्या फाइल परत उघडून बघा. ६४ जीबीच्या छापाखाली ८ जीबी निघतं.

तोरणमाळच्या बाजूला येणाऱ्यांसाठी. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडलं, त्यामुळे ज्याला त्याला त्याचाच फोटो हवा असतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, आणि पंख-शेपटीवरचे पट्टे ठळक. आता गंमत बघा: आयएसओ ८०० च्या वर जेपेगमधलं नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारी प्रक्रिया) नेमके तेच ठिपके पुसतं, आणि साधा पिंगळा 'रानपिंगळा' होऊन ग्रुपवर फिरतो. ओळख पटवायची असेल तर आयएसओ ४०० च्या आत राहा, मग फोटो काळपट आला तरी चालेल. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. लांब झूम असल्यावर त्याची गरजही नाही.

आणि काठी गावच्या होळीत लांबून झूम लावून बायकांचे फोटो काढणाऱ्यांनो, जवळ जाऊन विचारा. २४ मिमीलाच चांगला फोटो येतो.

अमळनेर, सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी

बाहेर येणारी लेन्स म्हणजे सायकलचा पंप. झूम लांब केला की आत हवा ओढली जाते, हवेबरोबर धूळ. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसभर झूम आत-बाहेर केला तर ती लेन्सच्या नळ्यांत बसते. पुढे फिल्टर लावला तरी (पी९०० ला ६७ मिमी, एफझेड८० ला ५५) पुढची काच वाचते, नळ्यांमधली फट उघडीच राहते. धुळीत एकाच झूमवर काम करा आणि बंद करण्याआधी नळ्यांवर हाताने दाबायच्या रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.

घेताना असं तपासा. झूम पाच वेळा टोकापर्यंत नेऊन परत आणा. घरघर एकसारखी हवी, मधेच अडखळून कट् वाजलं तर सोडून द्या. मग ए मोडला एफ ८, झूम सगळ्यात कमी, आणि मोकळ्या आभाळाचा फोटो. राखाडी टिपके दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, म्हणजे ती धूळ घरी साफ होत नाही, पूर्ण खोलावं लागतं. मग पूर्ण झूमला रस्त्यापलीकडच्या पाटीवर दहा वेळा फोकस करा, आठ वेळा तरी बसला पाहिजे. शेवटी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे.

लेन्स अडकून स्क्रीनवर एरर आली तर नळी हाताने ओढू नका, आतल्या चाकांचे दात तुटतात. बॅटरी काढा, दहा मिनिटं थांबा, लेन्स जमिनीकडे करून फटीत हवा मारा आणि त्याच स्थितीत चालू करा. वाळूचा कण असेल तर बरेचदा निघतो. नाही निघाला तर दुरुस्तीचा आकडा आधी विचारा, कॅमेऱ्याच्या सेकंड हँड किमतीजवळ गेला तर विषय संपला.

रावेर

ट्रायपॉडपेक्षा पिशवी. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्यापासून कापा, एक टोक शिवा, दीड किलो ज्वारी भरा, दुसरं टोक शिवण्याऐवजी दोरीने बांधा, कारण पावसाळ्यात किडे पडले की बदलावी लागते. थर्माकोलचे मणी भरू नका, वाऱ्यात कॅमेऱ्यासकट हलतात. गाडीच्या काचेवर पिशवी ठेवली तर इंजिन बंद करा.

चंद्रासाठी: मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ६.५, १/२५०, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉड भक्कम असेल तर व्हीआर बंद. पौर्णिमेला खड्डे दिसत नाहीत, सावलीच नसते. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या रेषेवर सगळं उठून येतं. त्या दिवशी शटर १/६० पर्यंत खाली आणा. २००० मिमीला चंद्र फ्रेमची पाऊण उंची भरतो आणि दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. सूर्याकडे मात्र पुढे सोलर फिल्टर लावल्याशिवाय झूम फिरवूच नका.

भुसावळ, पुन्हा

एक राहिलं भो, उन्हाचं. या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ० ते ४० अंश असते, आणि आपल्याकडे मे मध्ये सावलीतच ४४ असतात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काळी बॅग पांढऱ्या पंच्यात गुंडाळा, पंचा कोरडाच ठेवा. पावसाळ्यात रबरी रिंगवाला डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. निळे मणी गुलाबी झाले की मंद तव्यावर परत निळे होईपर्यंत हलवायचे, पूर्ण गार करून मगच डब्यात. तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही.