मदत हवी आहे: पुण्यात बाहेरच्या कॉलेजला सुपरकॉम्प्युटरवर वेळ कसा मिळतो?

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझी विद्यार्थिनी पाण्यातल्या प्रथिनाचं सिम्युलेशन करतेय, ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचालींचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विभागातल्या एकुलत्या जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) ते रडतखडत चालतं. मध्येच लाइट गेली की शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं काम जतन झालंय तिथून, पुन्हा सुरू.

पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून उभा राहिलेला 'परम ब्रह्म' हा सुपरकॉम्प्युटर आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये पहिला 'परम' याच शहरात घडवला. अशा ठिकाणी गुणी मुलीचं काम केवळ मशीनअभावी अडावं, हे मनाला लागतं.

बाहेरच्यांना थेट खातं मिळतं, की तिथल्या प्राध्यापकांसोबत संयुक्त प्रस्ताव द्यावा लागतो? खर्च कोणत्या प्रकल्पावर टाकता?

खरी अडचण अंदाजाची आहे. छोट्या रनमध्ये दिवसाला सिम्युलेशनमधले किती नॅनोसेकंद होतात ते पाहून मी कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) काढलेत. पण नोड (सुपरकॉम्प्युटरमधले जोडलेले संगणक) दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही, त्यामुळे प्रस्तावात स्केलिंगचा, म्हणजे नोड वाढवल्यावर वेग किती वाढतो याचा, तक्ता हवाच. आमच्याकडे एकच मशीन, मग तो करायचा कसा? चाचणीपुरतं तात्पुरतं खातं कुणाला मिळालंय का?

कुणी मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना दाखवला तर फार उपकार होतील. पाषाणला प्रत्यक्ष येऊन भेटायचीही तयारी आहे.