व्हिप नसता तरी पिठावरचा कर राहिलाच असता

'व्हिप (ठरल्या बाजूने मत देण्याचा पक्षाचा आदेश) नसता तर निम्म्या खासदारांनी पिठावरच्या करमाफीला मत दिलं असतं' असं काहीजण म्हणतात. ते ऐकायला बरं वाटतं, पण पटत नाही. व्हिप मोडला की राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार, खासदारकी जाऊ शकते, हे खरं. मात्र १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद पीठ, डाळ, तांदूळ, दह्यावर जो ५ टक्के जीएसटी बसला, त्यावर संसदेत मतदान झालंच नव्हतं. केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेची शिफारस, मग अधिसूचना, झालं. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. तिथे विरोधी पक्षांचे अर्थमंत्रीही बसतात, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने झाला असं केंद्रीय अर्थमंत्र्यांनी तेव्हा जाहीर सांगितलं होतं. त्याच पक्षांचे खासदार सभागृहात फलक घेऊन उभे! पक्षनिष्ठा मोजायची तर आधी इथे मोजा.

माफीचं म्हणाल तर सोलापुरात चित्र वेगळंच दिसलं. सुटी ज्वारी घेऊन गिरणीत दळणारे आम्ही, आम्हाला फार फरक पडला नाही. तांदळाचं मात्र गमतीशीर झालं. २५ किलोपर्यंतच्याच पाकिटावर कर, म्हणून मार्केट यार्डात २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली. महिन्याला पाच किलो नेणाऱ्या विडी कामगार बाईला ती परवडणार कशी? तिने सुटा घेतला तर कर नाही, पण पाकिटावर तिलाच भरावा लागतो.