टॉम किमच्या यशाआधीची तीन वर्षं

दक्षिण कोरियाचा गोल्फपटू टॉम किम एका रात्रीत स्टार झाला, असं काही जण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. 2022 च्या अमेरिकेतल्या विंडहॅम चॅम्पियनशिप या स्पर्धेचंच उदाहरण घ्या. पहिल्याच दिवशी पहिल्याच होलवर पार (म्हणजे अपेक्षित फटके) चार असताना त्याने आठ फटके घेतले. तरीही दिवसअखेर कार्डावर एकूण 67 फटकेच! रविवारी पहिले नऊ होल 27 फटक्यांत, एकूण 61, आणि पाच फटक्यांनी विजय. विसाव्या वर्षी इतकं डोकं शांत ठेवणं काही आभाळातून पडत नाही.

अशा चर्चेत राहून जाणारी गोष्ट म्हणजे एशियन टूरवरचं (आशियातल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतलं) त्याचं पहिलं विजेतेपद आपल्याकडचं आहे. नोव्हेंबर 2019, पॅनासोनिक ओपन इंडिया, गुरुग्राम. वय 17. त्याच वर्षी खालच्या एशियन डेव्हलपमेंट टूरवर तीन स्पर्धा जिंकून तो वर आला होता. वडील गोल्फ शिकवायचे, त्यांच्यासोबत चीन, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, थायलंड अशी भटकंती करत हा पोरगा वाढला. नवं गवत, नवं हवामान त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद तीच.

दक्षिण कोरियात पुरुषांना सक्तीची असलेल्या लष्करी सेवेबद्दलही बरेचदा विचारलं जातं. ऑलिंपिकमध्ये कोणतंही पदक किंवा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं तर सूट मिळते. इम संग-जे आणि किम सी-वू या त्याच्याच देशाच्या गोल्फपटूंना ती हांगचौच्या आशियाई स्पर्धेतल्या सांघिक सुवर्णामुळे मिळाली. टॉम मात्र पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठवा आला, म्हणजे तिथे पदक हुकलं.