एक्सएफसीईत टर्मिनल पारदर्शक होते, पण मागचं ब्लर काहून होत नाई?

झेरॉक्सवाला_दारव्हा

राजेहो, एक अडचण हाय. दारव्ह्याकडच्या एका गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय, दुकानातला लॅपटॉप म्हणजे जुना थिंकपॅड, चार जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेलचं आतलंच, त्याच्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) एडिशन टाकेल हाय अन् मस्त चालते, तक्रार नाई. आता झालं असं का एका पोराच्या लॅपटॉपवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) पायलं, मागचा फोटो दुधी काचेतून दिसते तसा पुसट अन् वरची अक्षरं एकदम ठळक. मले तसंच पायजे.

टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमधी अपिअरन्समधी जाऊन ट्रान्सपरंट बॅकग्राउंड निवडलं, स्लायडर अर्ध्यावर आणला, पारदर्शक झालं पण ब्लर काई नाई. वॉलपेपरवर आमच्याच वावरातला फुटलेल्या कापसाचा फोटो हाय अन् गिऱ्हाइकाच्या फोल्डरची नावं मी मराठीतच ठेवतो, तर पांढऱ्या बोंडावर पांढरी अक्षरं येतात अन् अनुस्वार कुठं गेला तेच समजत नाई, वसंताचा वसता होऊन जाते. अक्षरं पिवळी करून पायली, थोडा फरक पडला पण समाधान नाई.

विंडो मॅनेजर ट्वीक्समधी कंपोझिटर टॅब पायला, तिथं ओपॅसिटीचे स्लायडर चिक्कार हायेत पण ब्लरचं नावच नाई. कुठं लपवून ठेवलं ते सांगा. अन् दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाक म्हणू नका, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं हाय, इकडे फॉर्मचा सीझन चालू हाय.

सावनेरकर

लपवलेलं नाही भाऊ, ते नाहीच आहे. एक्सएफसीईचा जो विंडो मॅनेजर आहे, एक्सएफडब्ल्यूएम४, त्याचा कंपोझिटर सावली देतो, पारदर्शकपणा देतो, पण ब्लर करत नाही. कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

आधी हे समजून घ्या म्हणजे पुढे डोकं फिरणार नाही. पारदर्शक करणं हे टर्मिनलचं स्वतःचं काम, ते फक्त एवढंच सांगतं की माझं बॅकग्राउंड अर्धवट दिसू द्या. त्याच्या मागे काय आहे, कापूस आहे की ब्राउझर आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. ते माहीत असतं कंपोझिटरला, कारण सगळ्या खिडक्या एकावर एक रचून स्क्रीनवर चित्र तोच काढतो, त्यामुळे मागचं धूसर करायचं तर ते त्यालाच करावं लागतं. तुमचा कंपोझिटर करत नाही, मग कंपोझिटरच बदला, बाकी एक्सएफसीई आहे तसंच राहू द्या.

पिकॉम नावाचा कंपोझिटर टाका. आधी एक्सकॉम्पएमजीआर होता, त्याच्यावरून कॉम्प्टन निघाला, कॉम्प्टनवरून पिकॉम. मिंटच्या रिपॉझिटरीतच (त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर साठ्यातच) आहे, डाउनलोड अगदी लहान आहे, हॉटस्पॉटवर सहज होऊन जातं. (इथं सगळं देवनागरीत लिहितो म्हणून नावं उच्चारावरून समजून घ्या, टाइप करताना इंग्रजीतच करायचं हे सांगायला नको.) स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड; पिकॉम फक्त एक्स११ वर चालतो, वेलँडवर नाही, मिंट एक्सएफसीईत तुम्ही एक्स११ वरच असाल.

मग ट्वीक्समध्ये त्याच कंपोझिटर टॅबमध्ये जाऊन वरची 'एनेबल डिस्प्ले कंपोझिटिंग' ची टिक काढा. हे विसरलं की पिकॉम सरळ सांगतो की दुसरा कंपोझिट मॅनेजर आधीच चालू आहे, आणि बंद पडतो. एका म्यानात दोन तलवारी नाही चालत.

नंतर होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये पिकॉम डॉट कॉन्फ नावाची फाईल करा, त्यात तीन ओळी पुरे: बॅकएंड बरोबर जीएलएक्स, ब्लर-मेथड बरोबर ड्युअल अंडरस्कोर कावासे, ब्लर-स्ट्रेंग्थ बरोबर ३. पहिल्या दोन ओळींतल्या किमती डबल कोटमध्ये टाका, आकडा कोटशिवाय, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. बॅकएंड म्हणजे चित्र काढायची यंत्रणा, ड्युअल कावासे म्हणजे ब्लर करायची एक पद्धत. ब्लर-मेथडमध्ये मधे हायफन आहे आणि ड्युअल कावासेमध्ये अंडरस्कोर, इथेच बहुतेक जण घसरतात.

वरोऱ्याचा_बंड्या

एवढी मेहनत कायले करता? केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप टाका ना. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप इफेक्ट्स, तिथं ब्लर, त्याच्या बाजूच्या बटणावर दोन स्लायडर, एक किती धूसर अन् दुसरा नॉइज, संपला विषय. कॉन्सोलमध्ये, म्हणजे त्याच्या टर्मिनलमध्ये, कलर स्कीम एडिट करायला गेलं की तिथंच 'ब्लर बॅकग्राउंड' ची टिक हाय. फाईल नाई, अर्धविराम नाई.

सावनेरकर

बंड्याभाऊ, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं आहे की दुसरं काही टाकायचं नाही 😄 प्लाझ्मा चांगलाच आहे, पण तिथेही गंमत आहे, केविनचा (प्लाझ्माच्या विंडो मॅनेजरचा) ब्लर फक्त जी खिडकी स्वतः मागते तिलाच मिळतो. कॉन्सोल मागतो म्हणून दिसतो. बाकीच्यांना जबरदस्तीने द्यायचा तर वेगळा थर्ड पार्टी इफेक्ट टाकावा लागतो. पिकॉमचं उलट आहे, जे पारदर्शक दिसेल त्याच्या मागचं सगळं धूसर करून टाकतो, नको तिथेही. ते पुढे दिसेलच तुम्हाला.

मूर्तिजापूरची_ताई

मी संगणक क्लास घेते, आमच्याकडे यापेक्षा जुन्या मशीन आहेत, तर एक साधा उपाय सांगते, त्याला कंपोझिटर बिंपोझिटर काही लागत नाही. वॉलपेपरचा तोच फोटो गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडा, फिल्टर्समध्ये ब्लर, त्यात गॉशियन ब्लर, भरपूर द्या, आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग एक्सएफसीई टर्मिनलच्या त्याच अपिअरन्समध्ये पारदर्शकच्या ऐवजी 'बॅकग्राउंड इमेज' निवडा आणि ही धूसर कॉपी लावा, खाली शेडिंगचा स्लायडर आहे तो थोडा गडद करा. ग्राफिक्स कार्डाला ताण शून्य, कारण ब्लर एकदाच झालं, फोटोतच. मुलांना तर फरकही कळत नाही.

अडचण एवढीच की ते खोटं आहे, टर्मिनल कुठेही सरकवलं तरी आत तोच फोटो तसाच राहतो, आणि मागे ब्राउझर असेल तर तो दिसत नाही. पण दादा, तुमची मूळ तक्रार अनुस्वार दिसत नाही ही आहे ना, ती तर यातही मिटते. आणि फॉन्ट जरा जाड घ्या, देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार बारीक असतात, ब्लर लावलं तरी बारीक फॉन्टची रेघ मागच्या उजेडात मरतेच.

झेरॉक्सवाला_दारव्हा

ताई, तुमचं लगेच करून पायलं, चांगलं दिसते, पण एकदा ते सरकताना खरंखुरं धूसर होणारं पायल्यावर मन मानत नाई 😅 म्हणून पिकॉम बी टाकला.

सावनेरकर भाऊ, टिक काढली, फाईल केली, तर म्हणते का ड्युअल कावासे या बॅकएंडवर चालत नाई. जीएलएक्सच लिवलं हाय, स्पेलिंग दोनदा तपासलं. मिंट २१ हाय माझं.

सावनेरकर

मिंट २१ म्हणजे उबुंटू २२.०४ चा पाया, त्यात पिकॉम नवव्या व्हर्जनचा आहे. हे मी आधीच विचारायला पाहिजे होतं. दहाव्या व्हर्जनच्या आधी हे ब्लर ज्या नव्या बॅकएंडमध्ये आहे त्याला 'एक्सपेरिमेंटल' म्हणायचे आणि ते मुद्दाम चालू करावं लागायचं, दहापासून तेच डिफॉल्ट झालं. तर तुम्ही पिकॉम चालू करताना पुढे डबल हायफन एक्सपेरिमेंटल-बॅकएंड्स जोडा. मिंट २२ वर जाल तेव्हा हे काढून टाका, तिथे गरज नाही. नेटवरच्या अर्ध्या ट्युटोरियलमध्ये व्हर्जन लिहिलेलंच नसतं, त्यामुळे लोक फाईलमध्येच चूक शोधत बसतात.

झेरॉक्सवाला_दारव्हा

आलं!! काय दिसते भाऊ, कापूस सगळा धुक्यातल्यासारखा अन् अक्षरं त्याच्यावर टक्क उभी.

पण आता दोन गोष्टी. एक, काही खिडक्यांच्या भोवताल, जसं कॅल्क्युलेटर, टेक्स्ट एडिटर, धूसर चौकट येऊन रायली, खिडकीपेक्षा थोडी मोठी, जसा कोणी भोवताल पट्टा लावला. दुसरं म्हणजे मागे व्हिडिओ चालू असला अन् वर टर्मिनल असलं का पंखा घरघर करते. इथं दुपारी लाईन जाते, तवा बॅटरीवर चालवा लागते, अन् ही बॅटरी आधीच म्हातारी हाय.

सावनेरकर

चौकटीचं सोपं आहे. हल्लीच्या जीटीके (खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) वाल्या ॲप्सना टायटल बार आणि सावली दोन्ही स्वतःच काढायची सवय आहे, त्यामुळे त्यांची खरी खिडकी दिसते त्याहून मोठी असते, भोवतालचा तो भाग म्हणजे त्यांची पारदर्शक सावली. पिकॉमला वाटतं पारदर्शक आहे, म्हणजे ब्लर करा. त्याला 'इथे करू नको' असं सांगायचं. ब्लर-बॅकग्राउंड-एक्सक्लूड नावाची यादी असते, पिकॉमबरोबर जी सॅम्पल फाईल येते (युएसआर, शेअर, डॉक, पिकॉम असं जाऊन एक्झाम्पल्समध्ये पहा) तिच्यात ही यादी तयारच आहे, डॉक, डेस्कटॉप आणि जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स अशा तीन ओळी, तशीच्या तशी उचलून तुमच्या फाईलमध्ये टाका. स्वतः टाइप करू नका, त्यात अंडरस्कोर आणि ॲट-साइन आहे.

पंख्याचं. मागचं स्थिर असलं तर ब्लर एकदा काढलं की झालं, पण मागे व्हिडिओ असला की प्रत्येक फ्रेमला मागचं चित्र बदलतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ब्लर नव्याने करावं लागतं. त्यातल्या त्यात ड्युअल कावासे स्वस्त आहे. मूळ पद्धत मासाकी कावासे या जपानी गेम प्रोग्रामरची, २००३ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याने मांडली, आणि ड्युअल वाला प्रकार एआरएम कंपनीच्या मारियस ब्योर्गेने २०१५ मध्ये सिग्राफ या ग्राफिक्सच्या परिषदेत दाखवला, तो मोबाईलच्या कमी ताकदीच्या ग्राफिक्सचा विचार करूनच. चित्र अर्धं करायचं, परत अर्धं करायचं, आणि मग वाढवत परत मूळ मापाला आणायचं, लहान चित्रात पिक्सेलच कमी म्हणून हिशोबही कमी. स्ट्रेंग्थ वाढवली की हे कमी-जास्त करण्याचे फेरे वाढतात. तुमच्याकडे ३ आहे, २ करून पहा, कापसाची टोकं तेवढ्यानेही बोथट होतील.

आणि एक तपासा, मेसा-युटिल्स टाकून त्यातली जीएलएक्सइन्फो कमांड चालवा, रेंडररच्या (चित्र कोण काढतं त्या) ओळीत इंटेल दिसायला पाहिजे. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर समजा सगळं काम सीपीयूवर चाललं आहे, मग ब्लर विसराच, ताईंचा फोटोवाला उपाय करा.

मूर्तिजापूरची_ताई

बॅटरीवर असताना पूर्ण बंदच करा ना. एक्सएफसीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन शॉर्टकट्स आहेत, एका कळीला पी-किल पिकॉम (पिकॉम बंद करायची कमांड) लावा, दुसऱ्या कळीला पिकॉम परत चालू करायची कमांड. लाईन गेली की पहिली दाबा. आणि सेशन अँड स्टार्टअपमध्ये ऑटोस्टार्टलाही तीच चालू करायची कमांड टाका, नाहीतर उद्या दुकान उघडल्यावर म्हणाल ब्लर गेलं.

वरोऱ्याचा_बंड्या

कॉम्पिझ आठवला राव, जुना कंपोझिटर. २००६-०७ च्या टायमाले तो क्यूब फिरवायला लोक मुद्दाम लिनक्स टाकायचे, काम काई नसायचं, फक्त क्यूब फिरवायचा अन् खिडक्या लुचूलुचू हलवायच्या.

झेरॉक्सवाला_दारव्हा

चौकट गेली. रेंडरर इंटेलच दाखवते. स्ट्रेंग्थ २ केली, पंखा शांत नाई झाला पण पहिल्यासारखा वरडत बी नाई, अन् दुकानात व्हिडिओ कोण पायते दिवसभर. ताई, शॉर्टकट बी लावले, एफ९ अन् एफ१०.

आता शेवटचं विचारतो. हेच थुनारले, म्हणजे फाईल मॅनेजरले करता येते का? त्याच्यात तर ट्रान्सपरंटचा पर्यायच नाई.

सावनेरकर

येतं आणि नाही येत. टर्मिनलमध्ये फक्त बॅकग्राउंड पारदर्शक होतं आणि अक्षरं शंभर टक्के ठळक राहतात, म्हणून ते चांगलं दिसतं. थुनारला तसा पर्याय नाही, म्हणून पिकॉमच्या ओपॅसिटी-रूलने त्याला बाहेरून पारदर्शक करावं लागतं. आधी टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही कमांड चालवा, माउसचं फुली होतं, थुनारच्या खिडकीवर क्लिक करा, डब्ल्यूएम-क्लासच्या ओळीत दोन नावं दिसतील, दुसरं घ्या. मग रूलमध्ये ९०, कोलन, आणि क्लास अंडरस्कोर जी बरोबर ते नाव. सॅम्पल फाईलमध्ये नमुना आहे.

पण यात खिडकी अख्खी फिकी होते, अक्षरं, आयकॉन, सगळंच. ९० ला चालून जातं, ८० ला फोल्डरची नावं परत तुमच्या वसतासारखी व्हायला लागतात. फक्त बॅकग्राउंड पाहिजे असेल तर जीटीकेची थीम सीएसएसमध्ये बदलावी लागते, आणि ते एका ॲपपुरतं नाही राहत, फॉर्म भरायच्या सीझनमध्ये तर मुळीच सुरू करू नका. ९५ ठेवून पहा, नाही आवडलं तर ती ओळ काढून टाका आणि पिकॉम बंद करून परत चालू करा.