जॉइंट खात्यातले भावाचे अपंग अनुदान दुसऱ्या भावाने काढले. काय करता येईल?

माहेर_विटा
माझा धाकटा भाऊ बापू, वय 34, बौद्धिक दिव्यांग, दाखल्यावर 75 टक्के. त्याला संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात. महिन्याला सहाशे यायचे तेव्हापासून आईने त्यातले चिमूट चिमूट बाजूला टाकून त्याच्या नावावर 90,000 ची एफडी केली होती. आई गेल्या वर्षी गेली. खात्यावर आणि एफडीवर तिच्या जागी थोरल्या दादाचं नाव लागलं, 'दोघांपैकी कोणीही' असं. बापू दादा-वहिनीकडेच राहतो, मी पिंपरीत.

दिवाळीला गेले तेव्हा पासबुक भरून आणलं. एफडी मुदतीआधीच मोडलेली. दर महिन्याचे पैसे आले की दुसऱ्या दिवशी एटीएममधून साफ. दादा म्हणतो, बोअर मारायची होती, आणि जॉइंट खातं म्हणजे निम्मं माझंच की. असं असतं का? बँकेतल्या साहेबांनी "तुमचं नाव खात्यावर नाही" म्हणून वाटेला लावलं. पोलिसात जायचं नाहीये, सख्खा भाऊ आहे.

निवृत्त_कॅशियर
ताई, निम्मं-बिम्मं काही नसतं. 'दोघांपैकी कोणीही' म्हणजे दोघांतल्या कोणालाही पैसे दिले तरी बँक मोकळी, बस. पैसा कोणाचा हे त्यावरून ठरत नाही. अनुदान मंजूर झालंय बापूला. साहेबांनी तुम्हाला हाकललं तेही नियमाला धरूनच, मीही तेच केलं असतं.

मला खटकतंय ते वेगळंच. मुदत भरली की एकाची सही चालते, पण एफडी मुदतीआधी मोडायला सहसा दोघांच्या सह्या लागतात. मग बापूची सही कोणी केली?

स्वराची_आई
कलेक्टर ऑफिसला जा. नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर अध्यक्ष. बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांग यांच्यासाठी ती कायदेशीर पालक नेमते. बहीण म्हणून तुम्हीही अर्ज करू शकता. आम्ही लेकीसाठी केला, चार हेलपाटे झाले पण कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. दादाच पालक झाला तरी हिशेब चुकत नाही, आणि गैरवापर केला तर त्याला काढून टाकण्याचा अर्जही तिथेच करता येतो.

शिवाय आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. पालकपत्र हातात आलं की बापूचं वेगळं खातं काढून आधार तिकडे जोडा, म्हणजे पुढचे पैसे तिकडे वळतील.

थोरली_सून
मी अशाच घरातली वहिनी आहे, म्हणून बोलते. दीराला फिट्स येतात. रात्री दोनला चादर बदलणारी मी, आणि रविवारी फोन करून "जेवला का" विचारणाऱ्या नणंदा. अनुदान मागच्या वर्षापर्यंत 1500 होतं, आता 2500 झालंय. त्याच्या औषध-डायपरला तरी पुरतं का? महिन्याचे पैसे त्याच्यावरच खर्च होत असतील तर ते सोडा. एफडीचं मात्र विचारा, ते चुकलंच.

माहेर_विटा
थोरली_सून, लागलं, पण खरं आहे. महिन्याच्या पैशांचं आता काढणार नाही. वहिनी त्याला स्वतःच्या हाताने भरवते, हे मी लिहायला हवं होतं.

काका, सहीचं बापूलाच विचारलं. आईने त्याला नाव लिहायला शिकवलं होतं, 'बापू' एवढंच, ब उलटा. म्हणाला, दादानं गाडीवरून नेलं, मी नाव लिवलं, मग उसाचा रस पाजला. फार खुशीत सांगत होता. पुढचं काही विचारवलं नाही.

सोमवारी रजा टाकून सांगलीला जातेय, कलेक्टर ऑफिसला. अर्ज माझ्या नावाने करू की दादाला सोबत घेऊन दोघांच्या, एवढं अजून ठरत नाही. स्वराची आई, अर्जाबरोबर कुठले कागद लागले ते सांगाल का?