मदत हवी आहे: झाडांवरचा मांजा काढायचाय (दांडिया बाजार, बडोदा)

नमस्कार मंडळी. उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण झालं, उंधियु संपला, पण आमच्या गल्लीतल्या पिंपळावर मांजा तसाच लोंबतोय. काल त्यात एक कबुतर उलटं लटकलेलं होतं. १९६२ या हेल्पलाइनवर फोन केला, प्राणी-पक्ष्यांसाठीची करुणा अँब्युलन्स आली. तोवर, पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेतल्या मुलांनी पूर्वी शिकवलं होतं तसं, दोरा न ओढता दोन्ही बाजूंनी कात्रीने कापला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवलं, तोंडात पाणी घातलं नाही. (सासूबाई दूध पाजायला निघाल्या होत्या, कसंबसं थांबवलं!)

नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली, तरी फांद्यांवर तोच जास्त दिसतो. आणि तो कुजतही नाही.

रविवारी सकाळी संस्थेचे तीन स्वयंसेवक येणार आहेत. कोणाकडे आकडी लावलेला लांब बांबू आहे का? जाड हातमोजे, रिकामी खोकी? विजेच्या तारांजवळच्या फांद्यांचं काय करावं? तिथे बांबू लावायची माझी हिंमत नाही, मुलांनाही लावू देणार नाही. कोणी वीज कंपनीकडून असं काम करून घेतलंय का? अर्ज कुठे द्यायचा तेवढं सांगा.