अळीचं खत घातलं म्हणून युरिया सुटत नाही

गव्हाचा गडी (वर्धा):
काल इथं कुणीतरी टाकलं, ‘काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचं फ्रास (विष्ठा आणि काती) गव्हाला घाला, युरियाला रामराम ठोका.’ रामराम ठोकण्याआधी हिशेब तरी करा बावा! ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे एकरी ४८. युरियात ४६ टक्के, ४५ किलोच्या चुंगडीत २० किलोच्या वर. फ्रासमध्ये ३ टक्के धरलं तर एका चुंगडीऐवजी ७ क्विंटल, आणि एकराला १६! त्यातलंही सगळं नत्र त्याच हंगामात सुटत नाही. वाहणार कोण? घरचं शेणखत उकिरड्यावरून वावरात न्यायलाच मजूर मिळत नाही.

कृषीवाली ताई (अकोला):
पोस्ट माझीच. ‘रामराम’ जास्त झालं, मान्य. पण दादा, पावच हिस्सा बदला ना. १२ किलो नत्र, एकरी ४ क्विंटल. पेरणीआधी मातीत मिसळायचं, बाकी युरिया थोडा पेरणीला, थोडा १८ ते २१ दिवसांनी पहिल्या पाण्याबरोबर. अळीच्या कातीतलं कायटिन मिळतं, सेंद्रिय कर्ब मिळतो. युरियानं जमीन भुसभुशीत होते का?

रेशीमवाले काका (यवतमाळ):
ताई, कागदावर सारं बराबर हाय. म्या रेशमाच्या शेडातली लेंडी आन् उरलेला तुतीचा पाला ओलाच आणून दोन साऱ्यांत (वाफ्यांत) फेकला, दुसऱ्या दिवशी पेरणी. उगवण अशी विरळ का बायको म्हणे, ‘बियाणं इकून खाल्लं काय?’ तिसऱ्या साऱ्यात कुजवलेला माल व्हता, तिथं गहू मस्त. पन ओल्या खतातले किडे हुंगत डुकरं आली. एका रातीत दोन्ही सारे नांगरून ठेवले.

रातभर जागली:
काका, दुखरी नस दाबली. खत कोणतंही घाला, खाणार डुक्करच. मोटारीची लाइट रात्रीची, म्हणून पाणीही रात्री आणि जागलही रात्री. मागल्या साली अर्ज केला, पंचनाम्याला माणूस आला तेव्हा गहू कापून झाला होता. म्हणे, नुकसान दाखवा. आता काय, डुकराला बोलावून आणू?

बांधावरचा:
कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावा.

रातभर जागली:
लावली. बॅटरी चोरीला गेली.

बांधावरचा:
मग चोर धरा, डुक्कर काय धरता.

रेशीमवाले काका:
आन् रोही, नीलगाय? थो तारेवरून उडी मारते.

कृषीवाली ताई:
विषय गहू आणि फ्रासचा आहे, डुकराचा नाही!

गव्हाचा गडी:
डुक्कर वावरात आहे, तर विषयातही आहे. पगारदारांना शेतकऱ्याच्या जिवावर प्रयोग सुचतात, पगारावर एकही करत नाहीत.

कृषीवाली ताई:
कुठला पगार? माझ्या बापाचं साडेतीन एकर आहे. अर्ध्या एकरात कुजवलेलं फ्रास आणि पाऊण युरिया, शेजारच्या अर्ध्यात पूर्ण युरिया. ओलं टाकू नका हे काकांचं शंभर टक्के बरोबर. युरोपात तर २०२१ च्या नियमानं ७० अंशाला तासभर तापवल्याशिवाय विकताही येत नाही.

गव्हाचा गडी:
बापाचं वावर आहे हे आधी सांगायचं ना! बरं, कुजवलेलं पाव हिस्सा चालेल, तेही कुणी बांधावर आणून टाकलं तर. काढणीला दोन्ही पट्ट्यांचं वजन इथं टाका. तोवर आमचा युरिया तसाच.

रेशीमवाले काका:
आन् कोन्त्या पट्टीत डुकरानं किती खाल्लं, थेही लिवजा.